आयरिश चाली आणि मराठी नाताळगीते

डिसेंबर लागला की मांजरी-हडपसरच्या ख्रिस्ती घरांतून कॅरल पार्टीची वाट पाहिली जाते. गिटार, ढोलकी, खंजिरी घेऊन आलेली पोरे एक गाणे इंग्रजीत म्हणतात, दुसरे मराठीत. इंग्रजी उपासनेत आता कीथ आणि क्रिस्टिन गेटी या उत्तर आयर्लंडच्या दांपत्याची गीतेही ओळखीची झाली आहेत. कीथ यांनी स्टुअर्ट टाउनएंड यांच्याबरोबर रचलेले ‘इन ख्राइस्ट अलोन’ २००१चे, तर दांपत्याचा आयरिश नाताळाचा संग्रह २०११चा. टिन व्हिसल, फिडल आणि बोधरान नावाचा हातडफ यांनी भरलेले हे संगीत आपल्या कानाला परके वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

आयर्लंडचे शब्द चर्चमध्ये आधी आले, चाली फार उशिरा. डब्लिनच्या सेसिल अलेक्झांडर यांचे दाविदाच्या नगरीवरचे नाताळगीत १८४८चे. त्याला चाल लाभली गाँटलेट या इंग्रज संगीतकाराची. बॅनब्रिजच्या जोसेफ स्क्रिव्हननी आजारी आईसाठी लिहिलेले, येशूला मित्र म्हणणारे गीत भारतभर गायले जाते. त्याची चाल अमेरिकन. गावकऱ्यांच्या ओठांवरच्या चाली मात्र वेशीबाहेरच राहिल्या होत्या. पॅट्रिक जॉइस यांनी १९०९मध्ये लोकगीतांचा मोठा संग्रह छापला. त्यातल्या एका प्रेमगीताची चाल ‘स्लेन’ या टेकडीच्या नावाने १९१९च्या आयरिश स्तोत्रसंग्रहात आली आणि एका प्राचीन आयरिश प्रार्थनेशी जोडली गेली. या चालीच्या चारही ओळी वेगवेगळ्या आहेत, एकही पुन्हा येत नाही. ‘वेक्सफर्ड कॅरल’ ग्रॅटन फ्लड यांनी एनिस्कॉर्थी भागातून टिपले. त्यातला कोमल निषाद ऐकताना खमाज आठवल्यावाचून राहत नाही. जिग या आयरिश नाचाच्या सहा मात्रा तर दादऱ्यावर ठेका धरणाऱ्याला शिकवाव्याच लागत नाहीत.

आपल्याकडचा प्रवासही असाच झाला. मिशनऱ्यांची आरंभीची बरीच गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती, त्यामुळे मराठी शब्दांचे वजन ओढाताणीने बसवावे लागे. नगरच्या ख्रिस्ती कीर्तनांनी वाट मोकळी केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, १८९५च्या बाप्तिस्म्यानंतर, अभंगाला आणि ओवीला उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली. ‘उपासना-संगीत’ हा मराठी स्तोत्रसंग्रह उघडला की त्यांचे ऋण पानोपानी दिसते. त्याहून जुना दाखला गोव्याचा: फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ख्रिस्तजन्म ओव्यांत सांगितला होता. टिळक गेले १९१९च्या मे महिन्यात, म्हणजे ‘स्लेन’ स्तोत्रसंग्रहात आली त्याच वर्षी. दोन दूरच्या देशांत एकाच पिढीने लोकांच्या चाली उपासनेत आणण्याचे हे काम केले, याचे मला फार अप्रूप वाटते.

या दोन प्रवाहांना जोडणारा एक माणूस पुण्यातच होता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. भारतीय वेश, भारतीय राहणी आणि भजन यांचा तिथे आग्रह असे. विन्स्लोंनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. पुढे मायदेशी परतल्यावर त्यांनी सृष्टिकर्त्याच्या स्तुतीचे एक स्तोत्र रचले. ते आज इंग्रजी चर्चमध्ये ‘स्लेन’वरच म्हटले जाते. टिळकांच्या चरित्रकाराचे शब्द आणि आयरिश गावातली चाल असा हा योग आहे.

म्हणून कॅरल पार्ट्यांच्या तरुणांना माझे एक मागणे आहे. गेटींची गीते जरूर गा, पण टिन व्हिसलची नक्कल करण्यात शक्ती घालवू नका. आयरिश लोकांनी आपल्या आजीची चाल चर्चमध्ये नेली. तुमच्याकडे ओवी आहे, पाळणा आहे, भारूड आहे. बाळयेशूसाठी पाळण्याइतका योग्य घाट दुसरा कोणता? ‘स्लेन’वर मराठी शब्द बसवायचेच असतील, तर हार्मोनियमवाल्याला आधी चारही ओळी पाठ करू द्या, ठेका दादऱ्याचा ठेवा, आणि ऱ्हस्व-दीर्घ मोडणारा एकही शब्द चालीसाठी खपवून घेऊ नका.