एटीएममधून सुटे का येत नाहीत?

ऐंशी रुपयांच्या खरेदीसाठी ग्राहक पाचशेची कोरी नोट पुढे करतो आणि गल्ल्यात मोड नसते, हा अनुभव किरकोळ व्यापाऱ्याला नवा नाही. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा चलनात आहेत. तरीही एटीएम मात्र पाचशे, दोनशे आणि शंभर यांपलीकडे सहसा जात नाही. कित्येक यंत्रे तर केवळ पाचशेच देतात. याचे कारण यंत्राच्या रचनेत आणि त्यामागील हिशेबात आहे.

जगातील पहिले एटीएम २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने सुरू केले. त्याचे जनक मानले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म भारतात, शिलाँगचा. त्या यंत्रातून एका वेळी १० पौंड मिळत. भारतात हे यंत्र प्रथम १९८७ मध्ये मुंबईत, एचएसबीसी बँकेने आणले.

एटीएमच्या तिजोरीत साधारणतः चार पेट्या असतात. त्यांना कॅसेट म्हणतात. एका कॅसेटमध्ये एकाच मूल्याच्या नोटा भरल्या जातात आणि एका पेटीत सुमारे दोन ते अडीच हजार नोटा मावतात. म्हणजेच अडीच हजार नोटांची पेटी पाचशेच्या नोटांनी भरली तर साडेबारा लाख रुपये होतात, शंभरच्या नोटांनी अडीच लाख आणि दहाच्या नोटांनी अवघे पंचवीस हजार. रोकड वाहून नेणारी गाडी, सशस्त्र रक्षक आणि भरणा करणारे कर्मचारी यांचा खर्च मात्र प्रत्येक फेरीला तेवढाच. शंभरच्या नोटा भरल्यास तीच रक्कम पुरवण्यासाठी पाचपट पेट्या लागतात. त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून, महिन्यात दहा तासांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक एटीएममागे बँकेला दहा हजार रुपये दंड लागू झाला. यंत्र रिकामे पडू नये म्हणून मोठ्या नोटांकडे कल झुकणे स्वाभाविकच होते.

दुसरे कारण नोटेच्या अवस्थेचे. रबरी चाके किंवा हवेचे शोषण यांच्या साहाय्याने यंत्र एकेक नोट उचलते. दोन नोटा चिकटून आल्या तर जाडी मोजणारे संवेदक त्या ओळखतात आणि त्या वेगळ्या नाकार-पेटीत टाकल्या जातात. दहा-वीसच्या नोटा हातोहात फिरून लवकर मळतात, दुमडतात, फाटतात. अशा नोटा यंत्रात अडकण्याची शक्यता अधिक. विशेष म्हणजे केवळ पैसे देणारे साधे यंत्र नोटेवरील अंक वाचत नाही. कोणत्या पेटीत कोणती नोट आहे, हे त्याला आधी सांगितलेले असते आणि त्यावरच त्याचा हिशेब चालतो. शंभरच्या पेटीत चुकून पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या, तर शंभर समजून ते पाचशेच देईल.

पेटी नोटेच्या आकारानुसारही जुळवावी लागते. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर पाचशेची नवी नोट जुनीपेक्षा आखूड आणि अरुंद निघाली, तर दोन हजारची नोट सर्वस्वी नवीन होती. परिणामी देशभरातील सुमारे दोन लाख यंत्रे नव्याने जुळवावी लागली आणि रांगा लांबत गेल्या. शंभर आणि दोन हजार यांच्यामधील अंतरामुळे त्या दिवसांत मोठी नोट हाती असूनही व्यवहार अडत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेची नोट आली, जुलै २०१८ मध्ये शंभरच्या नव्या, लहान नोटेची घोषणा झाली. दोन्ही वेळा पेट्या पुन्हा जुळवाव्या लागल्या.

कोणत्या नोटा द्यायच्या, हे यंत्रातील आज्ञावली ठरवते. शक्यतो कमी नोटांत रक्कम पूर्ण करण्याकडे तिचा कल असतो. म्हणून पाच हजार मागितले की पाचशेच्या दहा नोटा येतात. चार हजार नऊशे मागितले तर पाचशेच्या नऊ नोटांनंतर उरलेले चारशे दोनशे किंवा शंभरच्या नोटांत द्यावे लागतात. अर्थात त्या नोटा यंत्रात असतील तरच! केवळ पाचशे आणि दोनशेच्या पेट्या असलेल्या यंत्रातून शंभर किंवा तीनशे रुपये काढणे अशक्यच.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. खात्यात साडेचारशे रुपये शिल्लक असलेल्या मजुराला किंवा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धेला, फक्त पाचशेच्या नोटा देणाऱ्या यंत्रातून स्वतःचाच पैसा मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने २८ एप्रिल २०२५ रोजी याची दखल घेतली. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधील किमान एका पेटीतून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाव्यात, असे निर्देश तिने दिले.

तथापि दहा, वीस आणि पन्नासचा प्रश्न या निर्देशाने सुटत नाही. त्या नोटा आजही मुख्यतः बँकेच्या खिडकीतून आणि व्यापाऱ्याच्या गल्ल्यातूनच बाजारात फिरतात. यात पेढीवरील माणसाचा वाटा मोठा आहे. नोटांवर आकडे न लिहिणे, गड्ड्यांना टाचण्या न मारणे, मळक्या आणि फाटक्या नोटा बाजूला काढून बँकेत बदलून घेणे आणि जमलेले सुटे साठवून न ठेवता ते रोजच्या व्यवहारात फिरते ठेवणे, या साध्या सवयींनी छोट्या नोटांचे आयुष्य वाढते. यंत्र साडेबारा लाखांची पेटी सांभाळते. चारशे वीस रुपये परत देण्याची क्षमता मात्र आजही दुकानदाराच्या गल्ल्यातच आहे.