राक्षस असावा, पण न्यायी!

सुट्टीत आमच्या बाहेरच्या खोलीत मुलांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव रंगतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी फासे टाकत वीर व्हायचं.

परवा धाकटी रडतच स्वयंपाकघरात आली. आत कोण आहे याचा कानोसा घ्यायला तिनं दाराला कान लावला, तर लाकडातला किडा कानात शिरला आणि तिचा वीर मेला!

मला वाटलं, ही थोरल्याचीच खोडी. पण हा ‘इअर सीकर’ १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये खरंच आहे. त्यातला ‘रस्ट मॉन्स्टर’ चिलखत, तलवार गंजवून खातो. पण लाकडी सोटा घेऊन त्याच्याशी लढता येतं. अक्कल चालवायला वाव आहे. किडा मात्र सावधपणालाच शिक्षा करतो.

मीही शाळेत प्रश्नपत्रिका काढते. प्रश्न अवघड जरूर असावा. पण नीट वाचणारीच फसली, तर पुढच्या वेळी ती वाचेल कशाला?

थोरल्याला इतकंच म्हटलं, “आधी काहीतरी खूण दाखव रे.” दुसऱ्या दिवशी दारावर बारीक भोकं होती. धाकटीनं ती बरोबर हेरली!