ऑरगॅनिक की बायोकेम?
पदवीनंतरचे विज्ञान : लेखांक ७

बी.एस्सी.नंतर थांबायचे की पुढे शिकायचे, हे मागच्या लेखांकात पाहिले. पुढे शिकायचे ठरले की केमिस्ट्रीच्या मुलामुलींपुढे शाखेचा प्रश्न येतो. घरची मंडळी विचारतात, ‘स्कोप कशाला आहे?’ माझ्या मते त्याआधी दुसरे काही विचारायला हवे. दोन वर्षे रोज सकाळी लॅबमध्ये जाऊन नेमके काय करावे लागणार, आणि ते करायला आपल्याला आवडेल का?

ऑरगॅनिकवाल्यांचा दिवस टीएलसीभोवती फिरतो. रिॲक्शन लावली की थोड्या थोड्या वेळाने फ्लास्कमधला थेंब केशनळीने सिलिकाच्या पट्टीवर टेकवायचा, पट्टी हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणात उभी करायची आणि २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरायची. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका गेला आणि वर नवा एकच ठिपका दिसला, तर नशीब! बहुतेक वेळा तीन-चार दिसतात. मग कॉलम लावायचा, टेस्ट ट्यूबच्या रांगा भरायच्या, आणि शेवटी हाती चिमूटभर पावडर. ती खरोखर हवी तीच आहे का, हे एनएमआर सांगतो.

बायोकेममध्ये बर्फाची बादली सतत शेजारी असते. एन्झाइम उबेत राहिले तर त्याची ॲक्टिव्हिटी डोळ्यांदेखत उतरते, म्हणून सेंट्रिफ्यूजसुद्धा ४ अंशांवर. प्रथिन शुद्ध झाले का, हे पाहायला जेल रन करायची, कूमासी ब्लूने रंगवायची आणि जादा रंग उतरेपर्यंत वाट बघायची. निळी पट्टी एकच उरली तर काम झाले. इथे बफरचा पीएच थोडा चुकला तरी आठवडा वाया जातो. चिकाटी दोन्हीकडे लागते, पण तिचा पोत वेगळा. सॉल्व्हंटच्या वासाने डोके दुखणाऱ्याने ऑरगॅनिकच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

आता दारांचा हिशेब. नाव रसायनाचे असले तरी परीक्षांच्या लेखी बायोकेमिस्ट्री जीवशास्त्राच्या घरात राहते. सीएसआयआर-नेटमध्ये तिचा पेपर ‘लाइफ सायन्सेस’चा. जॅममध्ये बायोकेमिस्ट्री नावाचा पेपरच नाही. त्या वाटेने जाणारे बायोटेक्नॉलॉजीचा देतात. गेटच्या लाइफ सायन्सेस पेपरात मात्र केमिस्ट्रीचा भाग सर्वांना सक्तीचा आणि बायोकेमिस्ट्री ऐच्छिक. नोकरीतही तसेच. तळोजा, तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ या पट्ट्यांतल्या कंपन्यांना क्यूसीत एचपीएलसी चालवणारा किंवा आर अँड डीत रिॲक्शन लावणारा माणूस हवा असतो. तिथे ऑरगॅनिक आणि अॅनालिटिकलला पहिली पसंती. बायोकेमवाल्याचे खरे क्षेत्र म्हणजे लसी, जैविक औषधे, निदानाची किट, अन्नपरीक्षण.

केमिस्ट्रीकडून बायोकेमकडे जाणे जमते, उलट प्रवास अवघड, असे माझे निरीक्षण आहे. पहिल्या प्रवासाचे सर्वांत मोठे उदाहरण मराठीच आहे : कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठातून फिजिक्स-केमिस्ट्री घेऊन १९३३ साली त्या बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरेचा पोषणाच्या अंगाने अभ्यास केला. केमिस्ट्रीचा पाया पक्का होता, म्हणून प्रथिनांकडे वळणे त्यांना जड गेले नसावे.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाखालची एम.एस्सी. २०२३-२४ पासून सुरू झाली आहे. दोन वर्षांची ८८ क्रेडिट्स; एका वर्षावर थांबले तर पदव्युत्तर पदविका. त्यात ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प दोन्ही आहेत. कागदावर ही सोय उत्तम आहे. पण प्रकल्प म्हणजे जुन्या प्रबंधाची नक्कल आणि ट्रेनिंग म्हणजे ओळखीच्या कंपनीचे सर्टिफिकेट, असे काही ठिकाणी चालते, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘प्रोजेक्टमध्ये स्वतः काय केलंस?’ जर्नल कितीही सुबक असले तरी तिथे उपयोगी पडत नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी विभागात एक चक्कर मारा. ऑफिसात न थांबता थेट भाग दोनच्या मुलांना गाठा. एचपीएलसी चालू आहे की कव्हर घालून ठेवले आहे, एनएमआरचे सॅम्पल कुठे पाठवतात, खर्च कोण देते, अभ्यासक्रमातली जेल स्वतः रन केली की सरांनी दाखवली, हे विचारा. दहा मिनिटांत माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त कळेल.

आणि हे तिसऱ्या वर्षाच्या निकालापर्यंत लांबवू नका. जॅम फेब्रुवारीत होते, अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावे लागतात. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही ती देऊ शकतात.