तमाशा कलावंतांचे हंगामी श्रम आणि सामाजिक सुरक्षेची पुनर्रचना

बीजसंज्ञा : तमाशा, फड, उचल, सुपारी, कल्याण मंडळ

प्रस्तावना :
कलाक्षेत्रातील बहुतांश श्रम नियमित नोकरीच्या चौकटीबाहेर घडतात. कामगार कायद्यांची उभारणी मात्र प्रामुख्याने एक मालक, एक कामाचे ठिकाण आणि मासिक वेतन या गृहीतकांवर झालेली आहे. परिणामी कलावंताचा गौरव होतो. श्रमिक म्हणून त्याची नोंद होत नाही. राष्ट्रपती पदकाने सन्मानित विठाबाई नारायणगावकर यांचे २००२ मध्ये विपन्नावस्थेत निधन झाले आणि २००६ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हा विरोधाभास पुरेसा बोलका आहे. प्रस्तुत लेखात तमाशा फडाच्या अर्थव्यवहाराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

फडाचा अर्थव्यवहार :
तंबूचा फड साधारणतः दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत त्याचा हंगाम चालतो. उत्पन्नाचा मोठा भाग चैत्र-वैशाखातील यात्रांवर अवलंबून असतो. त्यासाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात व गावकरी तेथे येऊन सुपारी ठरवितात. फडमालक कलावंतांना हंगामापूर्वी उचल देतो आणि ती हंगामातील कामातून फिटते. या उचलीसाठी फडमालक स्वतःही बहुधा कर्ज काढतो. म्हणजेच हंगाम बुडाल्यास मालक कर्जात राहतो आणि कलावंत उचलीत. २५ मार्च २०२० रोजी, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षीच्या यात्रा रद्द झाल्या आणि या व्यवस्थेत जोखीम पेलणारी कोणतीही तिसरी संस्था नाही, हे स्पष्ट झाले.

विद्यमान तरतुदी व त्यांच्या मर्यादा :
ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना असून २०२४ मध्ये ते मानधन दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. ही योजना उतारवयाला आधार देते; परंतु कामाच्या वयातील आजारपण, अपघात वा बाळंतपण तिच्या कक्षेत येत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नोकरीच्या पारंपरिक नात्याबाहेरील श्रमिकांसाठी मध्यस्थ कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा द्यावा, हे तत्त्व तिने स्वीकारले. तथापि संबंधित अनुसूचीत वाहनसेवा, घरपोच खाद्यसेवा, आशय व माध्यमसेवा असे वर्ग आहेत. तमाशाचा फड वा यात्रा समिती यांचा उल्लेख नाही.

अनुकरणीय प्रतिमाने :
जर्मनीत १९८३ पासून अमलात असलेल्या कलावंत सामाजिक विमा कायद्यानुसार मुक्त कलावंत विमा हप्त्याचा निम्मा भाग भरतो. ३० टक्के भाग कलेचा व्यावसायिक वापर करणाऱ्यांच्या आकारणीतून आणि २० टक्के केंद्र सरकारकडून येतो. असे प्रतिमान महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे तुटक काम करणाऱ्या हमालांची मंडळाकडे नोंदणी केली. मालकाने मजुरीसोबत ठरावीक आकारणी मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने भविष्यनिर्वाह निधी आदी लाभ द्यावयाचे, अशी ही रचना आहे.

पुनर्रचनेची दिशा :
या धर्तीवर तमाशासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केल्यास सुपारी हीच आकारणीची स्वाभाविक जागा ठरेल, कारण तेथे व्यवहार ठरतो व पैसा हाती येतो. नोंदणीत सोंगाड्या, नर्तकी, ढोलकीवादक यांच्याबरोबर तंबू उभारणारे मजूर व वाहनचालकही असावेत. उचलीची लेखी नोंद मंडळाकडे राहिल्यास तिच्या फेडीविषयीचे वाद कमी होतील. मात्र आकारणीचा संपूर्ण भार लहान गावांवर वा कर्जबाजारी फडांवर टाकल्यास सुपाऱ्याच घटण्याचा धोका आहे. म्हणून शासनाचा निश्चित वाटा अपरिहार्य ठरतो.

समारोप :
पुरस्कार व्यक्तीला मिळतो, सुरक्षा मात्र व्यवस्थेतून निर्माण होते. हमालाच्या तुटक श्रमाला जे संरक्षण महाराष्ट्राने १९६९ मध्ये दिले, तेच कलावंताच्या हंगामी श्रमाला देणे तत्त्वतः अवघड नाही. त्यासाठी कलावंताकडे प्रथम श्रमिक म्हणून पाहण्याची आवश्यकता आहे.