लांडगीच्या पायाखालची अक्षरं

संपादकांनी उत्तर रोमन काळातल्या स्मारक नाण्यांवर लिहायला सांगितलं. सोन्याची पदकं सोडून मी रमलो ब्राँझच्या एका नाण्यात. वजन जेमतेम अडीच ग्रॅम.

११ मे ३३० रोजी कॉन्स्टन्टाइन सम्राटानं बॉस्फोरसकाठच्या नव्या राजधानीचं, कॉन्स्टँटिनोपलचं, उद्घाटन केलं. त्या सुमारास दोन नाणी निघाली. एकावर शिरस्त्राण घातलेली रोम नगरीची देवी रोमा आणि मागच्या बाजूला रोम्युलस-रेमसला पाजणारी लांडगी, वर दोन तारे. दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी, मागे गलबताच्या नाळेवर उभी विजयदेवता. सम्राटाचा चेहरा दोन्हींवर नाही. मान शहरांचा.

खरी गंमत लांडगीच्या पायाखाली, रेघेखालच्या बारीक अक्षरांत आहे. ‘टीआरपी’ म्हणजे त्रिअर टांकसाळीचा पहिला विभाग, ‘टीआरएस’ म्हणजे दुसरा. ‘पीकॉन्स्ट’ वाचून नवखा संग्राहक हरखतो, कॉन्स्टँटिनोपल! पण ते नाणं फ्रान्समधल्या आर्लचं. त्या गावाला तेव्हा सम्राटाच्या नावावरून ‘कॉन्स्टन्टिना’ म्हणत. ही अक्षरं वाचत बसणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही दोन नाणी मुबलक मिळतात. दुर्मीळ आहे ते त्यांचं धाकटं भावंड, ग्रॅमभर वजनाचं ‘पॉप रोमानुस’, म्हणजे रोमन जनता. ते फक्त कॉन्स्टँटिनोपललाच पाडलं. त्याच्या एका प्रकारावर नदीवरचा बुरुजांचा पूल आहे. ते ३३० चं की नंतरचं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. नाण्यांचे अभ्यासक केंट यांनी १९८१ च्या सूचीत ते ३३७ नंतरच्या नाण्यांच्या खंडात घातलं.

असे वाद सुटायला नाणं कुठे, कशासोबत सापडलं हे कळावं लागतं. २०१३ मध्ये इंग्लंडात डेव्हनमधल्या सीटनजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्याला २२,८८८ नाण्यांचा साठा लागला. त्यानं खणणं थांबवून तज्ज्ञांना बोलावलं. साठा अखंड राहिला आणि एक्सेटरच्या संग्रहालयात गेला. त्यातलं नव्या राजधानीच्या उद्घाटनाचं एक नाणं ब्रिटनच्या पुरावस्तू नोंदवहीतली दहा लाखावी नोंद ठरलं.

बाल्कन देशांतून मात्र मातीनं माखलेली नाणी घाऊक विकली जातात. कोणतं नाणं कुठल्या शेतातलं, ते कायमचं पुसलं जातं. झिजलेली अक्षरं हत्यारानं कोरून ‘दुर्मीळ’ केली जातात. हुबेहूब बनावट नाणीही आहेत. म्हणून घेणाऱ्यानं विक्रेत्याकडे आधी जुन्या संग्रहाचा किंवा सापडल्या जागेचा कागद मागावा. तो नसेल, तर पुलाचं नाणं असलं तरी परत द्यावं.