निवृत्तीनंतरची नेमणूक

३० जून १९८६ हा केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी दिल्लीत मिझो करार झाला आणि त्यावर भारत सरकारच्या वतीने सही केली ती प्रधानांनी. समोर लालडेंगा होते. १९६६पासून भारताविरुद्ध बंडाचा झेंडा घेऊन उभा असलेला माणूस. पंजाब आणि आसामच्या करारांतही प्रधानांचा हात होता, पण टिकला तो मिझोरमचा. सरकारी नोकरीचा शेवटचा दिवस सहसा हारतुऱ्यांत आणि भाषणांत जातो. प्रधानांचा एका बंडाचा शेवट करण्यात गेला.

पुढे ते अरुणाचलचे राज्यपाल झाले. २००८च्या डिसेंबरात, वयाची ऐंशी उलटल्यावर, महाराष्ट्र सरकारने त्यांना पुन्हा बोलावले. मुंबईवरच्या हल्ल्याच्या वेळी पोलिसांचे नेमके कुठे चुकले, हे शोधणाऱ्या समितीसाठी. त्या समितीकडे नंतर येऊ. आधी एक गोष्ट नोंदवायला हवी. आपल्या देशाचे परराष्ट्र धोरण आणि राष्ट्रीय सुरक्षा गेला पाव शतकाहून अधिक काळ प्रामुख्याने निवृत्त अधिकाऱ्यांनी चालवली आहे. ती वाईट चालवली, असे म्हणता येणार नाही. मात्र हिशेब द्यायची वेळ आली, तेव्हा तो त्यांच्याकडे कुणी फारसा मागितला नाही.

ही चाल तशी जुनीच. गिरिजाशंकर बाजपेयी हे ब्रिटिश अमदानीतले आयसीएस. युद्धकाळात ते वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. म्हणजे नेहरू तुरुंगात असताना हे गृहस्थ तिकडे सरकारची बाजू मांडत होते. तरी १९४७मध्ये नेहरूंनी त्यांनाच परराष्ट्र खात्याचे सरचिटणीस नेमले, कारण त्या कामातला दुसरा जाणता माणूस हाताशी नव्हता. तिबेटात चिनी फौजा शिरल्यावर धोक्याची सूचना देणाऱ्यांत बाजपेयी पुढे होते. पुढे १९५२मध्ये ते मुंबई राज्याचे राज्यपाल झाले आणि १९५४मध्ये त्याच पदावर असताना वारले. त्यानंतर इंदिरा गांधींच्या काळात त्यांचे विश्वासू सल्लागार हक्सर, डी. पी. धर आणि रामनाथ काव. गुप्तचर संस्था 'रॉ' उभी करणारे काव १९७७मध्ये बाजूला झाले. इंदिराबाई सत्तेवर परतल्या, तेव्हा तेही सुरक्षा सल्लागार म्हणून परतले. पद होते, पण त्याला यंत्रणेत पक्की जागा नव्हती. पंतप्रधानांचा विश्वास हीच सगळी पुंजी.

१९९८मध्ये या पुंजीला नाव आणि पाटी मिळाली. मे महिन्यात पोखरणच्या चाचण्या झाल्या. अण्वस्त्रे जवळ आहेत म्हटल्यावर त्यांचा विचार करणारी एक कायमची व्यवस्था हवी, हे उघड होते. के. सी. पंत, जसवंत सिंह आणि एअर कमोडोर जसजित सिंह यांच्या गटाने आराखडा दिला. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद अस्तित्वात आली आणि ब्रजेश मिश्र हे देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. हे सगळे सरकारी ठरावाने झाले. संसदेत कायदा झाला नाही. आजही नाही.

मिश्र हा माणूस मोठा रंजक. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांचे चिरंजीव. म्हणजे घर काँग्रेसचे, पुढची वाट भाजपची. १९७०च्या १ मे रोजी बीजिंगमध्ये तिआनमेन चौकाच्या सज्जावर विदेशी प्रतिनिधी रांगेत उभे होते. भारताचा राजदूत तिथे नव्हता, कारण १९६२नंतर राजदूत पाठवणेच बंद झाले होते. मिश्र नुसते प्रभारी. माओ रांगेतून पुढे येत त्यांच्यापाशी थांबले, हात हातात घेतला आणि आपण असे किती दिवस भांडत राहायचे, अशा आशयाचे दोन शब्द बोलले. मिश्रांनी तातडीने दिल्लीला तार केली. दिल्लीला त्या हस्तांदोलनाचे काय करावे ते सुचायला वेळ लागला; राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली ती १९७६मध्ये. संधी दिसली की ती पकडावी आणि वरिष्ठांच्या उत्तराची वाट पाहत बसू नये, हा धडा मिश्रांनी त्या सहा वर्षांतून घेतला असावा. निदान वाजपेयींच्या कार्यालयातला त्यांचा कारभार पाहता तसे वाटते.

कारण मिश्र एकाच वेळी पंतप्रधानांचे प्रधान सचिव आणि सुरक्षा सल्लागार होते. पंतप्रधानांकडे जाणारी प्रत्येक महत्त्वाची फाइल त्यांच्या टेबलावरून जाई. लाहोरची बस, कारगिल, आग्रा, संसदेवरचा हल्ला, त्यानंतर सीमेवर दहा महिने उभे राहिलेले सैन्य, २००३मध्ये चीनशी सीमाप्रश्नावर विशेष प्रतिनिधींची बोलणी, जानेवारी २००४मध्ये इस्लामाबादचे संयुक्त निवेदन. यातल्या प्रत्येक गोष्टीत ते होते. इतका ताबा एका माणसाच्या हाती असल्याचा फायदाही झाला: निर्णय अडकले नाहीत. पण दिवसाच्या कामाच्या रेट्यात पाच वर्षांपुढचे पाहणारे कुणी उरले नाही.

ही त्रुटी उघडपणे दाखवून दिली ती दुसऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्याने. के. सुब्रह्मण्यम मुळात प्रशासकीय सेवेतले. भारताने अण्वस्त्रे बाळगलीच पाहिजेत, हे ते तीस वर्षे सांगत होते आणि त्यापायी बरीच टीका सोसत होते. कारगिलची लढाई संपून तीन दिवस झाले नाहीत तोच, २९ जुलै १९९९ रोजी, सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सोबत लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि सदस्य सचिव सतीश चंद्र. समितीने काही महिन्यांत अहवाल दिला. काही मजकूर वगळून तो फेब्रुवारी २०००मध्ये संसदेसमोर ठेवला गेला. त्यात एक बोचरे निरीक्षण आहे: देशाच्या संरक्षणाची चौकट लॉर्ड इस्मे यांनी आखून दिली, माउंटबॅटन यांनी शिफारस केली, आणि पुढच्या ५२ वर्षांत तिच्यात फारसा बदल झाला नाही. सुरक्षा सल्लागार पूर्णवेळ असावा, असेही समितीने लिहिले. वाजपेयींनी अहवाल स्वीकारला, पण मिश्रांच्या दोन्ही खुर्च्या तशाच राहू दिल्या. १९९९मध्ये सुब्रह्मण्यम यांनी पद्मभूषण नाकारले होते. नोकरशहांनी आणि पत्रकारांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे. समितीच्या अध्यक्षांत असा कणा दुर्मीळ.

अहवालातून पुढे मंत्रिगट झाला, मंत्रिगटाने चार कृतिगट नेमले. त्यातल्या सीमा व्यवस्थापनाच्या गटाचे अध्यक्ष माधव गोडबोले. मराठी वाचक त्यांना बाबरीच्या वेळचे गृहसचिव, मुदतीआधीच नोकरी सोडणारे अधिकारी आणि एन्रॉन प्रकरणाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून ओळखतात. सीमेच्या कामाबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. तोवर एकाच सीमेवर दोन-दोन, तीन-तीन दले, आणि घुसखोरी झाली की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे. एका सीमेवर एकच दल, हे तत्त्व मंत्रिगटाने मान्य केले. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर सीमा सुरक्षा दल, नेपाळ-भूतानच्या सीमेवर सशस्त्र सीमा बल. गृहखात्यात सीमा व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग २००४मध्ये सुरू झाला. मंत्रिगटाची दुसरी मोठी शिफारस, तिन्ही सैन्यदलांसाठी एक प्रमुख, अमलात यायला २०२०चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात निवृत्त मंत्रिमंडळ सचिव नरेश चंद्र यांच्या गटाने आणि पुण्याचे लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीने सैन्याच्या फेररचनेवर पुन्हा मान मोडून काम केले. शिफारशी करण्यात आपल्या निवृत्तांचा हात धरणारा नाही.

२००४मध्ये सरकार बदलले. मनमोहन सिंगांनी कामाची वाटणी केली: परराष्ट्र व्यवहार आणि सुरक्षा माजी परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांच्याकडे, अंतर्गत सुरक्षा गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख एम. के. नारायणन यांच्याकडे. दीक्षितांना अवघे सात-आठ महिने मिळाले. जानेवारी २००५मध्ये ते गेले. दोन्ही कामे नारायणन यांच्याकडे आली. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी पुढे नेणाऱ्यांत ते होते, तसे अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकरही होते. बोलणी ताणली गेली, तेव्हा आपल्या अणुभट्ट्या कोणाच्या तपासणीखाली जाणार आणि कोणत्या नाही, या मुद्द्यावर काकोडकरांनी जो आडमुठेपणा केला, तो देशाच्या पथ्यावर पडला, असे माझे मत आहे.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८. हल्ला मुंबईवर, मेलेली माणसे १६६. हल्लेखोर समुद्रमार्गे आले. गुप्तचरांचे इशारे होते, ते जोडले गेले नाहीत. गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. राज्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांची पदे गेली. नारायणन यांनीही राजीनामा देऊ केला; तो स्वीकारला गेला नाही. जानेवारी २०१०मध्ये ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. निवडून आलेले तिघे गेले आणि कुणीही न निवडलेला एक राहिला, हे कुणाला फारसे खटकले नाही.

कारगिलनंतर तीन दिवसांत समिती नेमणाऱ्या देशाने मुंबईनंतर केंद्रात चौकशी समितीच नेमली नाही. जे काही झाले ते राज्याने केले: राम प्रधान आणि 'रॉ'मधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती. प्रधानांनी यशवंतराव चव्हाणांबरोबर संरक्षण खात्यात काम केलेले होते. १९६५च्या युद्धाच्या वेळची चव्हाणांची रोजनिशी त्यांनीच पुढे प्रसिद्ध केली. दिल्ली कशी चालते हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण राज्याच्या समितीला केंद्राच्या गुप्तचर संस्थांना जाब विचारता येत नाही. म्हणून समितीला पोलीस आयुक्त, नियंत्रण कक्ष आणि शस्त्रखरेदी एवढ्यावरच बोलता आले. तो अहवालही राज्य सरकारने आधी विधिमंडळासमोर ठेवला नाही, आणि ठेवला तोपर्यंत वर्तमानपत्रांना तो मिळालेला होता. समुद्रातून माणसे आली तेव्हा दिल्लीत कोणाकडे कोणता कागद होता, हा प्रश्न कोणत्याच समितीच्या कक्षेत आला नाही.

नारायणन यांच्या जागी शिवशंकर मेनन आले. पहिले परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन यांचे नातू, चिनी भाषा जाणणारे. जुलै २००९मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या भारत-पाक संयुक्त निवेदनात बलुचिस्तानचा उल्लेख आला आणि देशात गदारोळ उठला. मसुदा कदाचित नीट झाला नसावा, असे तेव्हा परराष्ट्र सचिव असलेले मेनन म्हणाले. दोन आठवड्यांत ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत सल्लागार म्हणून परत आले. पुढे त्यांनी पुस्तकात लिहिले, की मुंबई हल्ल्यानंतर लगेच प्रत्युत्तर द्यावे असे आपले मत होते, पण न देण्याचा निर्णय योग्य ठरला. हे वाचायला मिळाले ते निवृत्तीनंतर. पदावर असताना हीच गोष्ट संसदेच्या समितीसमोर सांगायला बोलावणे आले असते तर?

२०१४पासून अजित डोवाल. त्यांचेही आधीचे एक पाऊल आठवते: डिसेंबर १९९९मध्ये कंदाहारला ओलिसांच्या सुटकेसाठी बोलणी करणाऱ्यांत गुप्तचर विभागाचे डोवाल होते. २०१९मध्ये त्यांना कॅबिनेट दर्जा मिळाला, त्याआधीच्या वर्षी धोरणविषयक गटाचे अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवाकडून त्यांच्याकडे आले. चीनशी सीमेची बोलणी, रशिया, आखात, पाकिस्तान, काश्मीर सगळे त्या टेबलावर. एवढा अधिकार आणि एवढा काळ त्यांच्या आधी कुणालाच मिळाला नाही. परराष्ट्र मंत्रालयात सुब्रह्मण्यम यांचे चिरंजीव जयशंकर आहेत, तेही माजी परराष्ट्र सचिव. फरक इतकाच, की ते राज्यसभेचे सदस्य आहेत, मंत्री आहेत. त्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. विजय गोखले यांच्यासारखे काही निवृत्तीनंतर चीनवर चांगली पुस्तके लिहितात, हा तिसरा मार्ग. तो मला तरी सर्वांत निरुपद्रवी वाटतो.

जानेवारी २०१०मध्ये काव यांच्या स्मृत्यर्थ झालेल्या व्याख्यानात उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख हवी, असे स्पष्ट सांगितले. अन्सारी स्वतः परराष्ट्र सेवेतले. पुढच्या वर्षी मनीष तिवारी यांनी लोकसभेत तशा अर्थाचे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. तिवारी सत्ताधारी पक्षाचे होते, हे विशेष. त्यानंतर सत्ता बदलली, विधेयकाची गरज बदलली नाही. प्रधान २०२०मध्ये गेले, गोडबोले २०२२मध्ये. दोघांनीही आपल्या वाट्याचा अहवाल वेळेत लिहून दिला. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या ४८ खासदारांपैकी एकाने तरी हे विधेयक पुन्हा मांडावे, आणि २६/११ची केंद्रात चौकशी का झाली नाही, हा प्रश्न त्याच भाषणात विचारावा.