गावाकडे घर बांधताय? सेप्टिक टँक की शोषखड्डा, हे कसं ठरवायचं?

प्लॉट घेतला, नकाशा झाला, पण तिथे ड्रेनेज लाइनच नाही. मग संडासाचं पाणी जाणार कुठे? बहुतेक वेळा गवंडीच सांगून टाकतो, "सेप्टिक टँक टाकू." पण प्रश्न तिथे सुटत नाही.

सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसतो आणि हळूहळू कुजतो. बाहेर पडणारं पाणी पातळ दिसलं तरी त्यात रोगजंतू असतातच, म्हणून ते शोषखड्ड्यात जिरवावं लागतं. कित्येक ठिकाणी हा खर्च वाचवून पाइप सरळ ओढ्यात सोडतात. म्हणजे आपली घाण खालच्या वस्तीच्या पाण्यात! शिवाय दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. सक्शन गाडी दारापर्यंत येईल का, हे आधीच बघा. टाकीत माणूस उतरवू नका. आतल्या विषारी वायूने जीव जातो आणि 2013 च्या कायद्यानुसार तो गुन्हाही आहे.

छोट्या कुटुंबासाठी दोन शोषखड्ड्यांचा संडास बऱ्याचदा जास्त सोयीचा आणि स्वस्त. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं खत तयार होतं. मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी मात्र यात सोडायचं नाही.

तरीही शेवटचा शब्द जमिनीचा. काळ्या कातळात पाणी जिरत नाही, चिकट काळ्या मातीत फार हळू जिरतं. कोकणातल्या जांभ्यात उलट अडचण: भेगांमधून पाणी झपाट्याने खाली जातं आणि विहीर गाठू शकतं. भारतीय मानकानुसार सेप्टिक टँकचं पाणी जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर, म्हणजे साधारण 60 फूट लांब हवी. हे अंतर शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही मोजा. प्लॉट उन्हाळ्यात पाहिला असेल, तर भर पावसात विहिरीचं पाणी कुठवर चढतं, हे गावात विचारा. खड्ड्याचा तळ त्या पातळीपेक्षा निदान 2 मीटर वर असायला हवा.

हल्ली बायो-डायजेस्टरच्या जाहिराती खूप दिसतात. सियाचीनसारख्या थंडीसाठी डीआरडीओने हे तंत्र विकसित केलं, रेल्वेच्या डब्यांतही ते आहे. त्यातले जिवाणू मैला कुजवतात, पण पाणी बाहेर येतंच. विक्रेत्याला विचारा, ते कुठे सोडायचं?